करडवाडीच्या तळ्यातली राणी

करडवाडी, १८ एप्रिल १९८६

कळशी स्टीलची होती म्हणून फुटली नाही. उताराला लागून ती गडगडत कोरड्या तळ्याच्या तळाशी गेली. तिच्या मागं नागुबाई मावशी, मावशीच्या मागं सुट्टीला आलेली मी. वर बांधावर व्यंकटराव उभा होता. ज्या हातानं त्यानं कळशी ढकलली तो हात तो धोतराला पुसत होता.

मावशी खालूनच ओरडली, "व्यंकटराव, कळशीला हात लावलाव. आता आंगोळ करावं लागंल की. घरी हाय का तेवढं पाणी?"

पाण्याला आलेल्या बाया हसल्या. तो हसला नाही. "नागुबाई, तोंड सांभाळ. देवीचं ठिकाण हाय हे. दोरीच्या आत पाऊल टाकायचं न्हाई."

वर मायना लिहिला नाही. सुचला नाही. पाच वर्षांत तुला कधी पत्र लिहिलं नाही आणि हेही लिहिलं नसतं, सिद्धलिंग. पण ती दोरी तुझ्यामुळं बांधली गेली आहे.

तळ्याच्या मधोमध तो मुरमाचा खांब आहे. तू पाहिलेला आहेस. त्याच्याभोवती आता निळी नायलॉनची दोरी आहे, दोरीला हिरव्या बांगड्या बांधल्या आहेत, आणि खांबाला हळदीकुंकू. त्याच्याच पायथ्याशी आमचा झरा आहे. तळ्यातली सगळ्यात खोल जागा तीच. हातभर उकरलं की पाणी पाझरतं आणि वाटीवाटीनं कळशी भरते. वस्तीची विहीर माघातच आटली. गावात टँकर येतो, पण गावातच रिकामा होतो. वस्तीला हा एक झरा.

मी विचारलं, कोणती देवी? व्यंकटरावानं पिशवीतून एक जाड पुस्तक काढलं. 'आमचा नवा जिल्हा', स्मरणिका. खूण घातलेलं पान उघडून माझ्यापुढं धरलं. 'करडवाडीची शिळा झालेली राणी'. खाली तुझं नाव, मागं प्राध्यापक लावून.

मी तळ्यात उभी राहून वाचलं. राणी रुद्राणी. नवरा बैलांचा तांडा घेऊन दूर देशी गेलेला. सुखरूप परतलो तर पांढरं निशाण दाखवीन, असं त्याचं वचन. परतताना पाऊस लागला, निशाण भिजू नये म्हणून गड्यानं त्यावर काळं घोंगडं टाकलं. राणीनं बांधावरून काळं पाहिलं, तळ्यात उडी घेतली आणि तिची शिळा झाली.

रुद्राणी हे तुझ्या धाकट्या बहिणीचं नाव. तिला माहीत आहे का, की करडवाडीत तिनं जीव दिला?

आणि निशाण कुठून आणलंस तेही मला माहीत आहे. तिथं राणी नव्हती, म्हातारा राजा होता. एजिअस. त्याचा मुलगा जहाजाचं काळं शीड उतरवून पांढरं लावायला विसरला. बापानं समुद्रकाठच्या कड्यावरून काळं शीड पाहिलं आणि उडी घेतली. म्हणून त्या समुद्राचं नाव एजियन. हे आपण दोघं एका बाकावर बसून शिकलो.

ही गोष्ट मी रचली, एवढं एक वाक्य लिहून सही करून पाठव. बाकी काही नको.

सिंधु

*

करडवाडी, २६ एप्रिल

तुझं पत्र आलं. मागितलं एक वाक्य, आलं तीन पानं.

तू लिहितोस, समितीला पर्यटनावर चार पानं हवी होती. नव्या जिल्ह्याकडं पाहण्यासारखं काही असावं असं सगळ्यांचं म्हणणं होतं. दुष्काळ पाहायला कोण येणार? तू लिहितोस, लोकांना गोष्ट हवी असते. तिथं मेली ती माझी आई; तू लिहितोस, तिचं नाव घेतलं असतं तर जुन्या जखमा उघड्या झाल्या असत्या, म्हणून मुद्दाम राणी घेतली.

जखम कुणाची? मावशीची असेल तर तिला विचारायचं होतंस. माझी असेल तर मला. व्यंकटरावाची असेल तर ती तू फारच छान झाकलीस.

तुला सांगितलेलं पुन्हा सांगते, कारण तू विसरलास असं समजण्यात मला कमी त्रास आहे.

तळं बाहत्तरच्या दुष्काळातलं. सगळं गाव कामावर होतं. माती खोदायची, टोपल्यांनी बांधावर टाकायची. खड्डा किती खोल गेला हे मापाच्या वेळी कळावं म्हणून मध्ये एक खांब न खोदता ठेवायचा, वरच्या गवतासकट. गवत असलं म्हणजे मूळची जमीन कुठं होती ते दिसतं. बाया त्याला साक्षीदार म्हणायच्या. साहेब येणार, साक्षीदार मापणार, माप लिहिणार, मग साक्षीदार मोडायचा.

त्या टोळीचा मुकादम व्यंकटराव होता. काम भरभर दिसावं म्हणून त्यानं बायांना कडा खालून पोखरायला लावला. खालून पोखरलं की वरची माती आपोआप ढासळते, टिकाव कमी मारावा लागतो. ढासळली. खाली आई होती, सरजाबाई. मावशी टोपली रिकामी करायला बांधावर गेली होती म्हणून वाचली.

त्या खड्ड्याचं माप कुणी घेतलं नाही. घेतलं असतं तर तिथं बाई मेली हेही लिहावं लागलं असतं. दुसऱ्या दिवशी टोळी पलीकडच्या बाजूला लावली. पावसाळ्यात तळं भरलं. साक्षीदाराचं गवत गेलं, काळी माती गेली, कठीण मुरूम राहिला. पाणी उतरलं की तो दिसतो. तुझी राणी ती.

मी तेव्हा नांदेडला वसतिगृहात होते. मला मातीसुद्धा दिसली नाही.

नांदेडच्या कॉलेजातला अण्णाराव सरांचा तो तास आठव. फळ्यावर ग्रीसचा किनारा काढला होता, खडू मोडेपर्यंत. वर्गातल्या एकानंही समुद्र पाहिलेला नव्हता. सर सांगत होते की खलाशी भूशिरं बघून वाट काढत, म्हणून प्रत्येक भूशिराला नाव, आणि नावात कुणी तरी मेलेलं. उडत्या मेंढ्याच्या पाठीवरून हेली पडली ती हेलीची सामुद्रधुनी. इकॅरस पडला तो समुद्र. तू हात वर केलास. "सर, सगळी नावं मेलेल्यांचीच का?" सर म्हणाले, "जिवंत माणसं जागा बदलतात, बाबा. खलाशाला न हलणारं काही तरी लागतं."

मग सरांनी एक शेवटची खूण काढली. कुत्रीचं थडगं. हेक्युबा राणीची सगळी लेकरं मारली गेली. ज्याच्या घरी तिनं एक लेकरू सांभाळायला दिलं होतं त्यानंच ते मारलं. तिनं त्याचे डोळे काढले. लोक तिला दगड मारायला लागले तेव्हा ती कुत्री होऊन भुंकली. तिला जिथं पुरलं ती जागा खलाशांची खूण झाली. तू तेव्हा माझ्या कानात म्हणालास, राणी होती तोवर तिच्या नावाचं काहीच नव्हतं.

एक्याऐंशीच्या मे महिन्यात मी तुला इथं आणलं. पाणी असंच उतरलं होतं. साक्षीदारावर हात ठेवून तू म्हणालास, ह्याला सरजाबाईचं नाव दिलं पाहिजे. आपण तेव्हा आणखीही काही ठरवलं होतं, ते इथं लिहीत नाही. पुढच्या मार्गशीर्षात उदगीरला तुझं लग्न झालं. पत्रिका छान छापली होती.

वाक्य अजून आलेलं नाही.

सिंधु

*

करडवाडी, ४ मे

कार्ड मिळालं. एसटी थांब्यावरच्या हॉटेलात मी ते मोठ्यानं वाचलं. सकाळची वेळ, बाकं भरलेली, व्यंकटराव मधोमध.

"वाचा, मास्तरीणबाई," तो म्हणाला. "आमच्या लेखकाचं पत्र हाय. आमी बी ऐकतो."

तुझं वाक्य असं आहे : "सदर आख्यायिकेस लिखित अथवा मौखिक परंपरेत सबळ आधार अद्याप उपलब्ध झालेला नाही."

कुणी तरी विचारलं, "म्हंजे?"

"म्हंजे शोधायलेत," व्यंकटराव म्हणाला. "आधार पायजे म्हणं त्यास्नी. मी देतो की. माझ्या आज्यानं सांगितल्याली गोष्ट हाय ही. त्येला त्येच्या आज्यानं."

मी विचारलं, "तळं कधी झालं?"

"बाहत्तरला. मीच मुकादम होतो की."

"मग तुमच्या आज्याच्या आज्याच्या राणीनं उडी कशात मारली?"

हॉटेलवाल्यानं चहा ओतायचा थांबवला. व्यंकटरावानं बशीतला चहा संपवला, मिशी पुसली.

"तवा दुसरं तळं आसंल," तो म्हणाला.

सगळ्यांनी माना हलवल्या. सिद्धलिंग, त्या माना मी मोजल्या नाहीत, पण त्यांत निम्म्या माणसांनी ते तळं स्वतःच्या हातानं खोदलं होतं. त्यांना माहीत आहे. तरी माना हलल्या, कारण छापलेलं आहे, आणि छापलेल्यात गावाचं नाव आहे. ह्या गावाचं नाव ह्याआधी कुठं छापून आलं होतं?

तुला वाटतं तू काही केलं नाहीस, फक्त एक गोष्ट लिहिलीस. पण कुणाला हुसकायचं ते सरळ बोलता येत नव्हतं. आमच्या वस्तीनं छप्पन साली धम्म घेतला, तेव्हापासून विटाळाचे ते शब्द वापरायची सोय राहिलेली नाही. आता शब्द मिळाले. देवीच्या पायाशी टिकाव नको. इतकं सभ्य वाक्य त्यांना सुचलं नसतं. ते तू दिलंस.

परवा मी लातूरला आले होते. म्हटलं, तळ्याचे कागद काढावेत. त्यात काम कधी सुरू झालं ते असेल, मुकादमाचं नाव असेल. कचेरीतल्या कारकुनानं शोधल्यासारखं केलं आणि म्हणाला, "ताई, जिल्हा नवा हाय. जुने कागद उस्मानाबादहून यायलेत. इकडं तुमचं तळं अजून आलेलंच न्हाई."

तो विनोद करत नव्हता. तळं आलेलं नाही, राणी मात्र येऊन पोचली आहे.

येताना रिक्षा तुझ्या गल्लीवरून गेली. मी उतरले नाही. गॅलरीत एक बाई पोराचे कपडे वाळत घालत होती. तुझी बायको दानम्मा असावी. चेहऱ्यानं चांगली वाटली.

आता मुद्द्याचं. येत्या अक्षय तृतीयेला साक्षीदाराभोवती सिमेंटचा ओटा बांधणार आहेत. पोती आली आहेत, व्यंकटरावाच्या ओसरीत रचली आहेत. ओटा झाला की झरा त्याच्याखाली जाईल. मग वस्तीनं पाण्यासाठी कुठं जायचं, हे तुझ्या स्मरणिकेत दिलेलं नाही.

कार्डानं भागणार नाही. तू इथं ये. हॉटेलापुढं उभा राहा आणि तोंडानं सांग, ही गोष्ट मी रचली, इथं सरजाबाई मेली. 'सदर' नको, 'अद्याप' नको. नऊची गाडी थेट करडवाडीला येते.

सिंधु

*

करडवाडी, १० मे

तू आलेला नाहीस, पत्रही नाही. हे पत्र कदाचित शेवटचं, म्हणून जे घडलं ते लिहून ठेवते.

आज दुपारी मावशीचं आणि माझं भांडण झालं. आयुष्यात पहिल्यांदा.

मी एक पाटी रंगवून आणली होती. लातूरहून येताना पत्रा आणला होता, इथं तेलरंगानं लिहिलं. 'सरजाबाई. ह्या तळ्याच्या कामावर मरण पावल्या.' आणि साल. मनाशी ठरवलं होतं की साक्षीदाराला ती पाटी ठोकायची. ते काढतील, पुन्हा ठोकायची. वर्तमानपत्रात पत्र लिहायचं. तो खांब आईचा आहे हे कोर्टात जाऊन सिद्ध करायचं. ग्रीसमध्ये दगडधोंड्यांना माणसांची नावं आहेत, माझ्या आईच्या नावाला एक दगड का नसावा?

मावशीनं पाटी हातात घेतली. तिला वाचता येत नाही. तिनं विचारलं, "काय लिवलंस?"

मी वाचून दाखवलं.

"आन हे कुठं लावणार?"

"साक्षीदाराला."

"म्हंजे तू बी त्येला हळदकुंकू लावणार. रंगाचं."

मी चिडले. म्हणाले, मावशी, आईची एवढीच खूण राहिली आहे. त्यांनी तीही घेतली. ती परत नको का घ्यायला?

ती कळशीत वाटी फिरवत बसली. काल संध्याकाळी झऱ्यावर चोरून जाऊन आणलेलं पाणी होतं, त्यात गाळ बसला होता.

"कुणाची खूण?" ती म्हणाली. "सरजाची? आगं, तो खांब सरजानं खणायचा सोडला व्हय? मुकादमानं सांगितलं हितं हात लावू नका, म्हून सोडला. खूण त्याची हाय. सरजानं काय केलं ते बघायचं आसंल तर खड्डा बघ. त्यो सरजाचा. समदा खड्डा."

मी पाटी भिंतीला उलटी टेकवून ठेवली.

"आन साक्षीदार ठेवून देत नसत्यात, सिंधु. माप झालं की मोडायचा आसतो. आमच्या खड्ड्याचं माप कुणी घेतलं न्हाई, म्हून त्यो हुबा हाय. न्हाई तर कवाच मोडला आसता, आन ह्या लोकायला राणी बी घावली नसती."

मी म्हणाले, "मग माप कोण घेणार? साहेब तर येणार नाही. कागदसुद्धा अजून आलेले नाहीत."

"साहेब कशाला? हात न्हाईत का मला?"

तिनं हात पुढं केला. कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत. कामावर बाया असंच मापायच्या, साहेब यायच्या आधी आपल्याला अंदाज असावा म्हणून.

सिद्धलिंग, मी नांदेडला शाळेत शिकवते. दरवर्षी वर्गात फळ्यावर तोच किनारा काढते, अण्णाराव सरांनी काढला तसा. एजिअसचा कडा, हेलीची सामुद्रधुनी, कुत्रीचं थडगं. मुलं माना खाली घालून लिहून घेतात. इतक्या वर्षांत मला एक प्रश्न पडला नव्हता. हेक्युबाची मुलं गेली, गाव जळलं, लोकांनी तिला दगड मारले. ह्यातलं काहीही त्या खुणेत नाही. खुणेत आहे फक्त कुत्री. खलाशांना तेवढं पुरलं. त्यांना खडक चुकवायचा होता.

तुझा राग अजून तितकाच आहे, कमी झालेला नाही. तू आईची जागा राणीला दिलीस, आणि आईला ओळखणाऱ्यांना त्या जागेवरून उठवलंस. वर तीन पानं लिहून मला समजावलंस की हे माझ्या भल्यासाठी. ह्याला मी चोरीशिवाय दुसरं नाव देत नाही. पण तू यावंस, बोलावंस, लोकांनी ऐकावं, माना पुन्हा उलट्या दिशेनं हलवाव्यात, ह्याची वाट मावशी बघत नाही. ती म्हणाली, "त्या पोराला काय बोलवायलीस? त्येनं गोष्ट सांगितली. आता दुसरी सांगंल. गोष्टीनं घागर भरत न्हाई."

परवा अक्षय तृतीया, म्हणून उद्याच सकाळी तळ्यात जायचं ठरलं आहे. वस्तीतल्या सगळ्या बाया. चार टिकाव मिळाले, दोन पहारी. मी पाटी घेणार नाही. टोपली घेणार आहे.

हे तुला वेळेवर पोचणार नाही. तरी नऊच्या गाडीनं आलास तर ये. आता तुझ्यावाचून काही अडलेलं नाही.

सिंधु

*

११ मे

पत्र टपालात टाकायचं राहिलं, म्हणून खाली लिहिते.

सकाळी उजाडल्यावर गेलो. मी दोरी सोडली, बांगड्या काढून बाजूला ठेवल्या. मावशीनं साक्षीदार खालपासून वरपर्यंत हातानं मापला. "चार हात. वरची वाहून गेलेली माती सोडून," असं मोठ्यानं सांगितलं, आणि पहिला घाव घातला. मुरूम कठीण होता, वेळ लागला. व्यंकटराव बांधावर आला, देवी फोडली म्हणून ओरडला. मावशी म्हणाली, "माप घेतलं, मुकादम. तुमचं राहिलं होतं." तो उभा राहिला, खाली उतरला नाही, मग गेला.

साक्षीदार पडला तिथं खाली ओल होती. तिथं उकरलं, पाणी आलं. पहिल्यापेक्षा जास्त आलं.

नऊची गाडी आली. तू त्यात नव्हतास.

गावात आज टँकर आला नाही. उन्हं चढल्यावर व्यंकटरावाची बायको पार्वतीबाई रिकामी कळशी घेऊन आली आणि झऱ्यापासून लांब उभी राहिली. मावशीनं विचारलं, "वरून वतू का?" पार्वतीबाईनं लुगडं खोचलं, खड्ड्यात उतरली, आणि आमच्या मागं रांगेत कळशी ठेवली.